कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय मानवी हक्क मुत्सद्देगिरीचा प्रत्यक्ष अनुभव कसा मिळवावा

2019 साली व्हानुआतू या पॅसिफिक बेटराष्ट्रात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी वर्गातली एक कल्पना उचलून धरली. हवामान बदलाबाबत राष्ट्रांवर कोणत्या कायदेशीर जबाबदाऱ्या येतात, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारायचं. त्यांनी पॅसिफिकमधल्या नेत्यांना पत्रं लिहिली. व्हानुआतूच्या सरकारनं प्रश्न हाती घेतला. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं न्यायालयाचं मत मागणारा ठराव मतदानाशिवाय मंजूर केला आणि 23 जुलै 2025 रोजी हेगच्या त्याच न्यायालयानं एकमतानं आपलं सल्लागार मत दिलं.

या विद्यार्थ्यांकडे सुरुवातीला ना संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र होतं, ना इंटर्नशिप. नेमका प्रश्न होता, तो कुणाच्या दारात न्यायचा याची समज होती आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करायची तयारी होती. मानवी हक्कांच्या मुत्सद्देगिरीचा अनुभव म्हणजे संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क परिषद जिथे भरते त्या जिनिव्हाचा प्रवास, असं समजून अनेक विद्यार्थी उलट्या टोकानं सुरुवात करतात. जिनिव्हाला जरूर जा, पण ती शेवटून दुसरी पायरी आहे. एखाद्या माणसानं सांगितलेली हकिकत कागदावर कशी येते, त्या कागदातून शिफारस कशी तयार होते आणि ती शिफारस कुठल्या ठरावात, कुठल्या क्रियापदापर्यंत पोचते, हा सगळा प्रवास एकदा स्वतःच्या हातानं केला की अनुभव मिळाला असं म्हणता येतं. तो कसा करायचा, ते पुढे लिहितो आहे.

आधी दारं ओळखा

मुलाखतीत हमखास घसरगुंडी होते ती इथे: मानवी हक्क परिषद वेगळी आणि मानवी हक्क समिती वेगळी. परिषदेत 47 देश बसतात. 2006 मध्ये जुन्या आयोगाच्या जागी ती आली. तिथे बोलणारे लोक आपापल्या सरकारचे प्रतिनिधी असतात. समितीत मात्र 18 स्वतंत्र तज्ज्ञ असतात आणि नागरी व राजकीय हक्कांचा 1966 चा करार पाळला जातो की नाही, एवढंच ते पाहतात. अशा करारांवर देखरेख ठेवणाऱ्या एकूण दहा समित्या आहेत. महिलांवरील भेदभाव, मुलांचे हक्क, छळ, वंशभेद, अपंगांचे हक्क अशी त्यांची वाटणी आहे.

तिसरं दार म्हणजे यूपीआर, सर्वच देशांचा आळीपाळीनं होणारा आढावा. संयुक्त राष्ट्रांच्या 193 सदस्य देशांपैकी कुणालाही सूट नाही. प्रत्येक देशाची पाळी साधारण साडेचार वर्षांनी येते, त्याला साडेतीन तास मिळतात आणि त्या वेळात इतर देश त्याला शिफारशी करतात. चौथं दार विशेष प्रतिवेदकांचं. हे बिनपगारी स्वतंत्र तज्ज्ञ असतात. एखाद्या विषयावर किंवा देशावर ते अहवाल लिहितात, देशांना भेटी देतात आणि तक्रारींवर सरकारांना पत्रं पाठवतात.

कुठलं दार कशासाठी, हे असं समजून घ्या. कुणाला उद्याच घराबाहेर काढणार असतील, तर साडेचार वर्षांनी येणाऱ्या आढाव्याचा काय उपयोग? तिथे प्रतिवेदकाला तातडीनं कळवावं लागतं. कायदाच भेदभाव करणारा असेल, तर संबंधित करार समिती. आणि एखादा देश करारात सामीलच नसेल, तर यूपीआर. एका विद्यार्थ्यानं चारही दारं ठोठावू नयेत. एक विषय, एक देश, एक यंत्रणा एवढं निवडा आणि किमान वर्षभर त्यालाच चिकटून राहा.

घरबसल्या एक आढावा अथपासून इतिपर्यंत वाचा

या पायरीला पैसे लागत नाहीत, तरी फार थोडे विद्यार्थी ती पूर्ण करतात. माझ्या मते सगळ्यात जास्त शिक्षण इथेच होतं.

नुकताच संपलेला एखाद्या करार समितीचा एक आढावा निवडा. सगळी कागदपत्रं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतात. त्यात सरकारचा अहवाल, समितीनं आधी पाठवलेली प्रश्नावली, स्वयंसेवी संस्थांनी दिलेले समांतर अहवाल आणि शेवटी समितीची निरीक्षणं मिळतात. प्रत्यक्ष चर्चा साधारण सहा तासांची असते, बहुधा दोन दिवसांत विभागलेली. तिचं चित्रीकरण यूएन वेब टीव्हीवर सापडतं.

आता हे करून पाहा. समांतर अहवालातला एकच मुद्दा निवडा. समजा, अटकेनंतर वकील भेटायला किती तास लागतात. तो मुद्दा प्रश्नावलीत आला का? चर्चेत कोणत्या सदस्यानं विचारला? सरकारी प्रतिनिधीनं उत्तर दिलं, की कायद्याचं कलम वाचून दाखवून वेळ मारून नेली? आणि शेवटच्या निरीक्षणांत तो कोणत्या परिच्छेदात, कोणत्या शब्दांत उतरला? चार रकान्यांचा तक्ता करा. असे पंधरा मुद्दे तपासलेत की समित्यांना काय पटतं आणि काय नजरेतून निसटतं, हे आपोआप दिसू लागतं. ज्या मुद्द्याबरोबर तारीख, कलम, घटना आणि नेमकी मागणी होती, तो बहुतेकदा पुढे गेलेला दिसतो. “परिस्थिती चिंताजनक आहे” अशी वाक्यं जिथल्या तिथे राहतात.

एखाद्या देशाला आजवर कोणत्या यंत्रणेनं काय सांगितलं, हे शोधायला उच्चायुक्त कार्यालयाचा युनिव्हर्सल ह्युमन राइट्स इंडेक्स वापरा. देश आणि विषय निवडला की सगळ्या शिफारशी एकत्र मिळतात. कुठल्याही संस्थेकडे अर्ज करताना या तक्त्याची दोन पानं जोडा. मानवी हक्कांबद्दलच्या तळमळीवर लिहिलेल्या चार परिच्छेदांपेक्षा ती जास्त बोलतात.

खरं क्षेत्रकार्य: समोर बसलेला माणूस

कायदेविषयक मदत केंद्र, निर्वासितांना कायदेशीर मदत देणारं क्लिनिक, तुरुंगातल्या कैद्यांसाठी काम करणारा गट, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, कामगार संघटना यांपैकी जिथे लोक आपली गाऱ्हाणी घेऊन येतात, तिथे किमान काही महिने काम करा. विद्यापीठात मानवी हक्क क्लिनिक असेल तर उत्तमच. नसेल, तर एखाद्या प्राध्यापकाला गाठून चार जणांचा गट करा आणि छोट्या संस्थेला विचारा की तुमचं कोणतं काम मनुष्यबळाअभावी पडून आहे. असं काम प्रत्येक संस्थेत असतंच.

जबानी घेताना पहिला नियम संमतीचा. आपण कोण, ही माहिती कुठे जाणार, कोण वाचणार, नाव येणार की नाही आणि नंतर मन बदललं तर काय करायचं, हे सगळं समोरच्याच्या भाषेत, सावकाश सांगा. दुसरा नियम म्हणजे खोटी आशा लावू नका. “हे संयुक्त राष्ट्रांत गेलं की तुम्हाला न्याय मिळेल” हे वाक्य तोंडातून चुकूनही जाऊ देऊ नका. तिसरा नियम असा की माणसाला त्याच्या क्रमानं बोलू द्या आणि नेमके प्रश्न नंतर विचारा. “तेव्हा उजेड होता का?” “दाराच्या कोणत्या बाजूला उभ्या होतात?” “त्यांच्या अंगावर कोणते कपडे होते?” अशा साध्या प्रश्नांतून घटना उभी राहते. “तुमच्यावर अत्याचार झाला का?” हा प्रश्न मात्र विचारणाऱ्यानं आधीच निष्कर्ष काढल्याची खूण आहे. छळाच्या घटना असतील, तर प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात घालू नका. त्यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची मार्गदर्शिका 1999 पासून वापरात आहे आणि 2022 मध्ये ती सुधारली गेली.

माझी एक चूक सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. सुरुवातीच्या काळात एका अहवालाच्या मसुद्यात मी साक्षीदार बाईचं नाव बदललं आणि निर्धास्त झालो. पण त्याच परिच्छेदात तिचा व्यवसाय, वस्ती आणि तिला तीन मुली आहेत हेही लिहिलं होतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं तो परिच्छेद माझ्यासमोर ठेवून विचारलं, “त्या वस्तीत हे काम करणाऱ्या आणि तीन मुली असलेल्या बायका किती?” एकच होती. मसुदा बाहेर गेला नाही हे नशीब. तेव्हापासून प्रत्येक साक्षीचा परिच्छेद मी तिच्या शेजाऱ्याच्या नजरेनं वाचतो.

ज्यांना लोकांपर्यंत प्रत्यक्ष पोचणं शक्य नाही, त्यांच्यासाठी डिजिटल पडताळणीचा रस्ता आहे. समाजमाध्यमांवरची चित्रफीत खरोखर त्या ठिकाणची आणि त्या दिवसाची आहे का, हे इमारती, सावल्या आणि उपग्रह छायाचित्रांवरून ताडून पाहायचं. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलचं डिजिटल व्हेरिफिकेशन कोअर 2016 पासून विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना घेऊनच हे काम करतं. या कामाची शिस्त समजून घ्यायला 2020 चा बर्कले प्रोटोकॉल वाचा. दिवसचे दिवस हिंसेची दृश्यं पाहून मनावर परिणाम होतो. आवाज बंद ठेवून पाहणं, वेळ ठरवून घेणं आणि गटात मोकळेपणानं बोलणं हे शिस्तीत धरलेलंच असावं.

2815 शब्दांत लिहायला शिका

यूपीआरसाठी एका संस्थेनं दिलेल्या निवेदनाची मर्यादा 2815 शब्द आहे, अनेक संस्थांनी मिळून दिलेल्याची 5630. मुदत प्रत्यक्ष आढाव्याच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून वेळापत्रक वर्षभर आधीच पाहून ठेवा. अनेक निवेदनांचा मिळून एकच सारांश तयार होतो. तुमच्या वाट्याला त्यात एखाद-दुसरं वाक्य येतं. तेव्हा प्रत्येक परिच्छेदात उचलून घेता येईल असं एक वाक्य असावं.

सगळ्यात जास्त घोडं अडतं ते शिफारस लिहिताना. “महिलांची स्थिती सुधारावी” ही शिफारस कोणतंही सरकार आनंदानं स्वीकारतं, कारण त्यात काहीच करावं लागत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: “फौजदारी संहितेच्या अमुक कलमातला वैवाहिक बलात्काराचा अपवाद पुढच्या आढाव्यापूर्वी रद्द करावा.” कोणी, काय आणि कधीपर्यंत, हे तिन्ही आलं. साडेचार वर्षांनी झालं की नाही, हे कुणालाही तपासता येईल.

लिहिलेली शिफारस एखाद्या देशानं आपल्या तोंडून मांडावी, यासाठीची धडपड म्हणजे मुत्सद्देगिरी. मुद्दा त्या देशाच्या जिव्हाळ्याचा हवा. बालविवाहावर, फाशीवर, पत्रकारांच्या सुरक्षेवर कोण सातत्यानं बोलतं, हे आधीच्या आढाव्यांतल्या शिफारशींवरून कळतं. मग त्या देशाच्या दूतावासाला एक पान पाठवा. एकच पान, त्यात तीन मुद्दे आणि तीन तयार शिफारशी. यूपीआर इन्फो ही संस्था आढाव्यापूर्वी जिनिव्हात बैठका भरवते. तिथे संस्थांचे प्रतिनिधी राजनैतिक अधिकाऱ्यांसमोर बोलतात. ती संधी संस्थेला मिळाली, तर तिच्या टिपणाची तयारी विद्यार्थ्यानं अंगावर घ्यावी.

इंटर्नशिप आणि पैशाचा प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप, म्हणजे उच्चायुक्त कार्यालयातलीही, बिनपगारी असते. अर्ज करताना पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा पदव्युत्तर शिक्षणात असावं लागतं, किंवा पदवी मिळून एक वर्षाच्या आत इंटर्नशिप सुरू व्हावी लागते. जिनिव्हा हे जगातल्या महागड्या शहरांपैकी एक आहे. प्रवास, घर, विमा सगळं स्वतःच. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. ज्या समाजांचे प्रश्न तिथे मांडले जातात, त्यांची मुलं त्या दारातच अडतात. तो बदलेपर्यंत काही वाटा उरतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना इंटर्नना विद्यावेतन देतात आणि दोन्हींच्या कामात हक्कांचा मोठा भाग आहे. विद्यापीठाची प्रवासवृत्ती शोधा. आणि छोट्या संस्थांचा विचार नक्की करा.

मी तर विद्यार्थ्यांना छोटी संस्थाच आधी सुचवतो. मोठ्या कार्यालयात तीन महिने तळटिपा तपासण्यात जाऊ शकतात. चार माणसांच्या संस्थेत दुसऱ्या आठवड्यात निवेदन लिहायला मिळतं. इंटरनॅशनल सर्व्हिस फॉर ह्युमन राइट्स, इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स, फोरम-एशिया अशा संस्थांच्या घोषणांवर लक्ष ठेवा. आणि जिनिव्हा म्हणजे सगळं जग नव्हे. आफ्रिकी मानवी हक्क आयोगाचं मुख्यालय गांबियातल्या बांजुलला आहे, आंतर-अमेरिकी आयोगाचं वॉशिंग्टनला, आंतर-अमेरिकी न्यायालय कोस्टा रिकातल्या सान होसेत आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालय स्ट्रासबर्गला.

अभिरूप न्यायालय स्पर्धांचाही उपयोग होतो. उदाहरणार्थ, नेल्सन मंडेला जागतिक मानवी हक्क स्पर्धा किंवा आंतरराष्ट्रीय कायद्यावरची जेसप. पण तिथे समोर न्यायाधीश असतो आणि तो तुमचं ऐकायला बांधलेला असतो. राजनैतिक अधिकारी तसा बांधलेला नसतो, एवढा फरक लक्षात असू द्या. भाषेचंही सांगून ठेवतो: इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती आली तरी दारं उघडतात.

सभागृहात आणि सभागृहाबाहेर

मानवी हक्क परिषदेच्या वर्षातून तीन नियमित बैठका होतात: फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेकडून सल्लागार दर्जा मिळालेल्या संस्थेमार्फतच नोंदणी करता येते, त्यामुळे आधी संस्था, मग ओळखपत्र. व्हिसासाठी संस्थेचं पत्र लागतं. त्याला वेळ लागतो.

पाले दे नासियाँ या संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या इमारतीत, विसाव्या क्रमांकाच्या सभागृहात, चित्रकार मिकेल बार्सेलोच्या रंगीत छताखाली, संस्थांचे प्रतिनिधी मागच्या रांगांत बसतात. सर्वसाधारण चर्चेत संस्थेला मिळतात दीड मिनिटं. एका विद्यार्थिनीचं निवेदन मी पाठीमागून ऐकत होतो. तिनं तीन मिनिटांचा मजकूर दीड मिनिटात बसवायला धडाधड वाचायला सुरुवात केली. दुभाष्यांची दमछाक कानातल्या यंत्रात ऐकू येत होती. मुख्य मागणी शेवटच्या वाक्यात होती. तिथवर पोचायच्या आत माइक बंद झाला. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा संधी मिळाली, तेव्हा तिनं मागणी पहिल्याच वाक्यात ठेवली, एकच घटना सांगितली आणि पाच सेकंद राखून थांबली. दोनशे शब्दांच्या आत लिहा, घड्याळ लावून मोठ्यानं दहा वेळा वाचा आणि मजकूर दुभाष्यांपर्यंत आधीच पोचेल असं पाहा.

खरी घासाघीस ठरावांच्या अनौपचारिक बैठकांत चालते. प्रत्येक ठरावावर निदान एक खुली बैठक व्हावी, असा परिषदेचा संकेत आहे. खुल्या बैठकीत मागे बसून ऐका. कोणता देश कोणत्या शब्दावर अडून बसतो, “याआधी मान्य झालेली भाषा” म्हणून कोण काय पुढे करतं आणि रात्रीतून कोणता शब्द गळतो, सगळं टिपून ठेवा. क्रियापदांची उतरंड शिका. “नोंद घेते” हे थंड, “स्वागत करते” थोडं उबदार, “आग्रहानं सांगते” हे कडक. पण “उच्चायुक्तांना अहवाल तयार करण्याची विनंती करते” या वाक्याला सगळ्यात जास्त वजन, कारण त्यानं कुणाला तरी काम लागतं आणि तारीख पडते.

एका शब्दानं काय होतं, याचा दाखला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांचा आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात “सर्व पुरुष” असाही अर्थ निघेल असा शब्द होता. त्यांनी आग्रह धरल्यामुळे तिथे “सर्व मानव” आलं. पुढच्या करारांनी आणि संविधानांनी आधार घेतला तो या मजकुराचा.

सभागृहाबाहेर, कॉफीच्या रांगेत, दोन मिनिटांत मुद्दा सांगता यायला हवा. राजनैतिक अधिकाऱ्यांवर एकाच वेळी अनेक ठरावांचा भार असतो. त्यांना तुमची कळकळ कळते, पण उपयोग होतो तो मसुद्यातल्या अमुक परिच्छेदात अमुक शब्द घालावेत असं लिहिलेल्या कागदाचा. दिलेली माहिती चुकीची निघाली तर लगेच स्वतः कळवा. या वर्तुळात विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

धोका खरा आहे

चिनी कार्यकर्त्या त्साओ शुनली यांना सप्टेंबर 2013 मध्ये जिनिव्हातल्या प्रशिक्षणाला निघालेल्या असताना बीजिंग विमानतळावर ताब्यात घेतलं गेलं. मार्च 2014 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. संयुक्त राष्ट्रांशी सहकार्य केल्याबद्दल लोकांवर होणाऱ्या सूडाच्या कारवाया इतक्या घडतात की महासचिव त्यावर दर वर्षी अहवाल देतात. तुम्ही मायदेशी परत जाल, पण साक्षीदार तिथेच राहतो. म्हणून सभागृहातली छायाचित्रं समाजमाध्यमांवर टाकण्याआधी मागे कोण दिसतंय ते पाहा. जबान्या साध्या ईमेलनं पाठवू नका. लॅपटॉपवर कूटबद्ध साठवण वापरा आणि सीमेवर काही मागितलं गेलं तर काय करायचं, हे संस्थेशी आधीच ठरवा. साइड इव्हेंटला, म्हणजे परिषदेच्या जोडीनं भरणाऱ्या छोट्या कार्यक्रमांना, सरकारी माणसंही येऊन बसतात आणि टिपणं घेतात.

परत आल्यावर

ठराव झाला, निरीक्षणं आली, सगळे घरी गेले, तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं. यूपीआरमध्ये सरकार प्रत्येक शिफारस एकतर स्वीकारतं, नाहीतर तिची नुसती “नोंद” घेतं. स्वीकारलेल्यांची यादी करा, प्रत्येकीसमोर जबाबदार खातं लिहा आणि मध्यावर, दोन-अडीच वर्षांनी, काय झालं याचा अहवाल काढा. हे काम संस्थांना जमत नाही, कारण त्यांची माणसं पुढच्या संकटात गुंतलेली असतात. विद्यार्थ्यांच्या पुढच्या तुकडीकडे फाइल नीट सोपवता येते. फाइलीत संपर्क, तारखा आणि आधीच्या तुकडीच्या चुका लिहून ठेवा.

आणि ज्यांनी जबानी दिली, त्यांच्याकडे परत जा. समितीचा तो परिच्छेद त्यांच्या भाषेत भाषांतरित करून, शक्य असेल आणि सुरक्षित असेल तर छापून, हातात द्या. तुमचं सांगणं कुठवर पोचलं, कुठे अडलं आणि पुढची तारीख कोणती, ते समोर बसून सांगा. त्यांचा मुद्दा गळला असेल, तर तेही सांगा.